शंभर घरांची वाकळ



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या घरी बाळ आलं. दवाखान्यातून नाही, संस्थेतून आलं. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दत्तकासाठी नाव नोंदवून साडेतीन वर्षं वाट पाहिली, आणि एक दिवस फोन आला. सात महिन्यांची मुलगी. आम्ही सगळ्याजणी बघायला गेलो. कुणी झबलं नेलं, कुणी दुपटं, कुणी घरच्या बागेतली डाळिंबं. बाळ टुकूटुकू बघत होतं. बाळाच्या आजीनं, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाईंनी, आम्हाला चहा दिला आणि हळूच विचारलं, "बायांनो, एक सांगा. हिची पाचवी कुणी पुजली असंल का गं? सटवाईनं लिवलं असंल का हिच्या कपाळावर?"

आमच्यातल्या एकीलाही उत्तर देता आलं नाही.

घरी येताना आम्ही बोलत होतो. आजीचा प्रश्न नुसता सटवाईचा नव्हता. जन्मल्यावर या लेकराचं कुणी काही केलं का, हे आपल्यात आलंय असं कुणी म्हटलं का, हे त्या माऊलीला विचारायचं होतं. मग आम्ही ठरवलं की रेडिओवरच्या या वेळच्या बोलण्यात दत्तकाचाच इतिहास सांगायचा. निघालो आपल्या शेजारच्या पंढरपूरला, आणि विचारत, वाचत पोचलो पार चीनमध्ये. कसं ते ऐका.

पंढरपूरचं घर

सांगोल्याहून पंढरपूर तासाभराच्या वाटेवर. आपण विठ्ठलाला जातो, चंद्रभागेत पाय बुडवतो, बुक्का लावून माघारी येतो. त्याच गावात दीडशे वर्षांपूर्वी एक घर उघडलं, त्याची गोष्ट मात्र आपल्याला कुणी सांगितलेली नसते.

त्या काळी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी व्हायचं. नवरा मेला की तिचे केस काढायचे, आलवण नेसवायचं आणि कोपऱ्यात बसवायचं. १८५६ साली विधवेच्या लग्नाला कायद्यानं परवानगी मिळाली, पण घरच्यांनी दिली नाही. अशा तरुण विधवेवर घरातल्याच कुणाचा हात पडला आणि दिवस गेले, तर दोष सगळा तिचा. मग तिला तीर्थयात्रेच्या नावाखाली घराबाहेर काढायचं. वारीच्या गर्दीत कोण कुठली, हे कुणाला कळणार? ती तिथंच बाळंत व्हायची, आणि बाळ वाळवंटात नाहीतर एखाद्या आडविहिरीत जायचं. मेलेलं मूल सापडलं की पोलीस आईला शोधायचे. बाप सापडत नसे, कारण त्याला कुणी शोधतच नसे.

लालशंकर उमियाशंकर त्रवाडी नावाचे गुजराती गृहस्थ तेव्हा पंढरपूरला न्यायाधीश होते. प्रार्थना समाजाच्या विचारांचे. शिक्षा देऊन हे थांबणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. १८७५ साली त्यांच्या पुढाकारानं पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झालं. बाईनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, आणि मूल वाढवता येत नसेल तर तिथं ठेवून जावं. लगेच पुढच्या वर्षी मोठा दुष्काळ पडला, १८७६ ते ७८ चा. आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळला. आईबाप गेलेली, वाटेवर टाकलेली पोरं अशा घरांच्या दारात येऊ लागली. हीच संस्था पुढं वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावानं ओळखली जाऊ लागली.

अशा घराची कल्पना पंढरपूरच्याही आधीची आहे. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवांनी इथं येऊन सुखरूप बाळंत व्हावं, असं त्यांनी जाहीर केलं. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील याची कल्पना करा.

आणि तरीही गोष्ट थांबली नव्हती. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बाळ मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढं ती कमी झाली, पण वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर वाटेल ते लिहून आलं. त्याचा राग येऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं. दोष एकट्या बाईचाच कसा, हा त्यांचा सवाल होता. तो सवाल आणि पंढरपूरचं घर, ही एकाच दुखण्याची दोन उत्तरं आहेत.

घराला मूल, की मुलाला घर?

दत्तक हा शब्द आपल्याकडं जुनाच. राजेरजवाड्यांत दत्तक, वतनदारांत दत्तक. १८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, ते दत्तक मुलगा मान्य नाही असं म्हणूनच. झाशीचंही तसंच झालं. पण हे दत्तक कशासाठी असायचं ते बघा. वंश चालावा, वतन राहावं, पिंड पडावा. म्हणून मुलगाच घ्यायचा, तोही आपल्याच जातीतला, जमल्यास भावकीतला. मुलगी दत्तक घेण्याचा रिवाज नव्हता. विधवेनं घेतला तरी तो मेलेल्या नवऱ्याच्या नावानं. थोडक्यात, घराला मूल हवं म्हणून मूल आणायचं.

फुल्यांनी हे उलटं करून दाखवलं. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा त्यांच्या घरी बाळंत झाली. तिचा मुलगा त्यांनी १८७४ च्या सुमारास दत्तक घेतला आणि त्याचं नाव ठेवलं यशवंत. जात वेगळी, बाप अज्ञात. मुलाला घर हवं होतं, म्हणून घर दिलं. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून आपलं सगळं यशवंताच्या नावे केलं. जिवंतपणी कागद करून ठेवला, हे लक्षात ठेवा. पुढं त्याच्याकडं परत यायचंय.

१८९० साली जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं कुणी धरायचं? भाऊबंद म्हणाले, दत्तक पोराचा हक्क नाही. तेव्हा सावित्रीबाई पुढं झाल्या आणि त्यांनी स्वतः टिटवं हातात घेतलं. आजही बाई स्मशानात गेली तर गावात कुजबुज होते. हे सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

आणि तो दत्तक पोरगा? तो डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेगानं थैमान घातलं, तेव्हा आईच्या हाकेसरशी आला आणि दोघांनी मिळून रोग्यांची सेवा केली. त्या सेवेतच प्लेग लागून १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. पोटचं आणि पाठचं असा हिशेब ज्यांना करायचा असेल त्यांनी खुशाल करावा.

कायद्याला तिथवर यायला आणखी बरीच वर्षं लागली. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आला, तेव्हा मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, आणि विधवा, घटस्फोटित, अविवाहित बाईला स्वतःच्या नावानं मूल घेता येऊ लागलं. आता बालन्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं.

सोलापूर ते चीन

आता चीन कुठून आला म्हणाल. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटलं की डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, लढाईतल्या जखमींची सेवा करू लागले आणि माघारी आलेच नाहीत. तिथल्या गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं इनहुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. बाळ जेमतेम साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले. सोलापूरच्या घरातलं नातवंड चीनच्या आयांच्या हाताखाली वाढलं. गुओबाई नंतर अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या. सोलापुरात कोटणीसांच्या घरी आज त्यांचं स्मारक आहे.

त्या नातवाला तिकडं न्हाऊमाखू कसं घातलं असेल, याचा विचार करताना आम्ही चीनच्या बाळांविषयी वाचू लागलो. आणि मग आमच्या मैत्रिणीच्या बाळासारखी हजारो बाळं समोर आली.

चीननं १९८० पासून देशभर 'एक कुटुंब, एक मूल' हा नियम लावला. खेड्यातल्या लोकांनी पहिली मुलगी असेल तर दुसरं मूल होऊ द्यावं, अशी सूट १९८४ नंतर पुष्कळ भागांत दिली. पण दुसरीही मुलगी झाली की? शेत कोण करणार, म्हातारपणी कोण बघणार, मुलगी तर सासरी जाणार. हे सगळं आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दंड मोठा, नोकरी जायची भीती. मग कित्येक घरांनी मुलगी पहाटे बाजारात, पोलीस चौकीच्या पायरीवर, बालगृहाच्या फाटकाशी, नाहीतर मूल नसलेल्या एखाद्या घराच्या उंबऱ्यावर ठेवली. आडरानात ठेवत नसत. जिथं लवकर कुणी उचलेल तिथंच ठेवत. आणि पुष्कळदा दुपट्यात एक चिठ्ठी असायची. तिच्यावर जन्माचा दिवस आणि वेळ. कारण तिकडंही समजूत अशी की जन्मवेळेवरच नशीब ठरतं. आईनं मुलगी सोडली, पण तिचं नशीब तिच्यासोबत दिलं. आमच्या आजींना आम्ही हे सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१९९२ साली चीननं दत्तकाचा कायदा लागू केला आणि परदेशी लोकांना ही मुलं दत्तक देणं सुरू झालं. दीड लाखाहून जास्त मुलं अमेरिका, युरोप, कॅनडा अशा देशांत गेली, त्यांतली निम्मी एकट्या अमेरिकेत. बहुतेक मुली. २०१५ च्या अखेरीस एक मुलाचा नियम संपला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीननं परदेशी दत्तकही बंद केल्याचं जाहीर केलं. नात्यातल्यांना तेवढी सूट आहे.

चीनच्या लोकांना मुली नकोच होत्या, असं मात्र समजू नका. कित्येक खेडूत घरांना सापडलेली मुलगी ठेवून घ्यायची होती. पण कायदा म्हणे, दत्तक घेणारं जोडपं निपुत्रिक हवं आणि वय पस्तिशीच्या पुढं हवं. ज्यांनी गुपचूप ठेवून घेतली, त्यांच्या मुलींची नोंद होईना, आणि नोंद नाही तर शाळाही अवघड. परदेशी आईबाप मात्र संस्थेला ३,००० डॉलर देणगी देत. जिथं पैसा येतो तिथं दलाल येतो. २००५ साली हुनान प्रांतात उघड झालं की दलालांनी बाळं विकत आणून बालगृहांना विकली होती. २००६ मध्ये त्याबद्दल लोकांना तुरुंगवास झाला.

चिनी आज्या आणि आपल्या आज्या

या मुलींना न्यायला परदेशातून आईबाप यायचे. दोनेक आठवडे चीनमध्ये राहून कागदपत्रं करायचे. त्यांनी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. बाळाला घेऊन रस्त्यावर उतरलं की कुठूनतरी दोन-चार म्हाताऱ्या यायच्या आणि भाषा कळो न कळो, रागवायच्या. बाळाचे पाय उघडे का? एवढे पातळ कपडे का? पोटाला वारा लागेल! आणि विचारल्याशिवाय त्या स्वतःच बाळाचा मोजा वर ओढायच्या, दुपटं घट्ट करायच्या. उन्हाळ्यातसुद्धा! बिचारे गोरे आईबाप गांगरून जायचे. आपल्याला मात्र हसू येतं. कारण सांगोल्याच्या आठवडी बाजारात टोपडं नसलेलं तान्हं घेऊन उभं राहून बघा, काय होतं ते.

चीनमध्ये बाळंतीण 'महिना बसते'. त्यांचा शब्दच तसा आहे. महिनाभर घराबाहेर जायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्यात बसायचं नाही, जुन्या रीतीनं केसही धुवायचे नाहीत. खायला आलं, अंडी, कोंबडीचा रस्सा, बारीक भरड धान्याची पेज आणि तांबडी साखर. दूध यावं म्हणून शेंगदाणे घालून केलेला कालवणाचा रस. आपला सव्वा महिना, शेक-शेगडी, शेपा, डिंकाचे लाडू, अळीव-मेथी आठवा. मधे हिमालय आहे, पण बाळंतिणीची खोली तीच.

महिना भरला की तिकडं लाल रंगवलेली अंडी वाटतात. आपण बारशाला घुगऱ्या वाटतो. बाळाला वाघाच्या तोंडाची टोपी आणि वाघाचे जोडे घालतात, म्हणजे वाईट काही जवळ येत नाही. आपण काजळाची तीट लावतो. उत्तरेकडं बाळाचं डोकं मागून चपटं व्हावं म्हणून धान्याची उशी देतात. आपण डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतो. वर्ष झालं की बाळापुढं पुस्तक, लेखणी, पैसे, हिशेबाची पाटी असं मांडतात आणि ते काय उचलतं ते बघतात. आपल्याकडं उष्टावणाला हेच होतं.

परदेशी आईबापांना सगळ्यात नवल वाटायचं ते चिनी लहान मुलांच्या चड्डीचं. मधोमध उघडी चड्डी. बाळाला मांडीवर, दोन्ही हातांनी धरायचं आणि तोंडानं शीळ घालायची, 'शीऽऽ'. बाळ मोकळं होतं. त्यांना हे अचाट वाटलं. आपल्या आयांनी तर आपल्याला पायांवर बसवून 'शूऽऽ' करूनच वाढवलं.

नावांचंही बघा. मूल जगावं म्हणून खेड्यात त्याला 'कुत्र्याचं उष्टं' अशा अर्थाचं नाव ठेवायचे, म्हणजे काळाला हेवा वाटणार नाही. आपले दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा तसेच. पण इथं हसू थांबतं. कारण तिकडं मुलीचं एक नाव आहे 'झाओदी'. त्याचा अर्थ, भाऊ बोलावून आण. आणि आपल्याकडं नकोशी, नकुसा. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली २८० हून जास्त 'नकोशी' मुलींची नावं समारंभ करून बदलावी लागली. चीनकडं बोट दाखवण्याआधी हे आठवावं. आपल्याकडं एक मुलाची सक्ती नव्हती. महाराष्ट्रानं १९८८ साली, देशात सगळ्यांच्या आधी, गर्भलिंग तपासणीला लगाम घालणारा कायदा केला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८९४ मुलीच होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. चीनच्या आयांनी मुली उंबऱ्यावर तरी ठेवल्या. आपल्या कित्येकींच्या मुली उंबऱ्यापर्यंतही आल्या नाहीत.

एक गोष्ट आणखी. चीनच्या बालगृहात बाळांना सांभाळणाऱ्या बायकांना मुलं 'आयी' म्हणतात. आयी म्हणजे मावशी. आपल्या संस्थांतही त्यांना मावशीच म्हणतात. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आम्हाला इथं सापडलं. पाचवी कुणी पुजली असेल-नसेल, पण रात्री रडणाऱ्या त्या लेकराला कुणीतरी मावशीनं उचललं होतं, म्हणून तर ते आपल्यापर्यंत आलं.

कागद करा, बायांनो

आता फुल्यांच्या मृत्युपत्राकडं परत येऊ. आपल्या गावांत अजून मूल हातोहात दिलं-घेतलं जातं. जावेला तिसरी मुलगी झाली, दिली नणंदेला. कुणा दवाखान्यातल्या ओळखीनं 'एक बाळ आहे, एवढे पैसे द्या' असा निरोप येतो. आमच्या या मैत्रिणीलाही असा निरोप आला होता. नाव नोंदवून दोन वर्षं झाली होती, धीर सुटत चालला होता. घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. शेवटी ती म्हणाली, "उद्या हिची आई रडत दारात आली तर मी काय सांगू?" आणि तिनं नकार दिला. आज ती म्हणते, तो नकार देताना जेवढं रडले तेवढं आयुष्यात रडले नव्हते.

म्हणून नियम थोडक्यात ऐका. मूल विकणं आणि विकत घेणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. टाकलेलं मूल सापडलं तर घरी ठेवून घ्यायचं नाही. चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा बाल कल्याण समितीला कळवायचं, नाहीतर १०९८ या क्रमांकावर फोन करायचा. एखाद्या बाईला मूल वाढवणं शक्यच नसेल, तर ती बाल कल्याण समितीपुढं ते सोपवू शकते. तिचं नाव गुप्त राहतं, आणि विचार बदलला तर मूल परत घ्यायला तिला दोन महिने मिळतात. पंढरपूरच्या त्या घरानं जे दीडशे वर्षांपूर्वी दिलं, ते आता कायद्यानं दिलेलं आहे. कुठल्याही बाळाला उकिरड्यावर ठेवायची गरज नाही, हे प्रत्येक गावात प्रत्येकीला माहीत हवं.

मूल घ्यायचं असेल तर 'कारा' या केंद्र सरकारच्या संस्थेकडं नाव नोंदवावं लागतं. घरी येऊन चौकशी होते. एकटी बाईसुद्धा मुलगा किंवा मुलगी घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. मूल आधी सांभाळायला घरी येतं आणि मग दत्तकाचा आदेश निघतो. पूर्वी तो कोर्टातून निघायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी काढतात. परदेशी दत्तकालाही आपल्याकडं नियम नव्हते. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, आणि १९८४ साली न्यायालयानं नियम घालून दिले. नात्यातलं मूल घेतानाही तोंडी व्यवहार करू नका, कागद करा. उद्या जमिनीचा प्रश्न आला की भाऊबंद टिटवं कुणी धरायचं तेच विचारतील. वेळ लागतो म्हणून चिडू नका. तो वेळ मुलाच्या पहिल्या आईसाठी आणि मुलासाठी आहे.

वाकळ

शेवटी चीनची एक रीत सांगते राहिली. बाळाचे शंभर दिवस भरले की तिकडं 'शंभर घरांचं आंगडं' घालायची जुनी चाल आहे. आई किंवा आजी घरोघर जाऊन कापडाचा एकेक तुकडा मागायची, आणि ते तुकडे जोडून बाळाचं आंगडं शिवायची. शंभर घरांनी दिलं म्हणजे शंभर घरं राखणदार झाली. मुली घेऊन गेलेल्या परदेशी आयांनी ही रीत उचलली. त्यांनी मित्रमंडळींकडून तुकडे मागून गोधड्या शिवल्या.

हे वाचलं आणि आम्ही एकमेकींकडं बघितलं. वाकळ शिवायला आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. प्रत्येकीनं एक तुकडा आणला. इरकलीचा काठ, सोलापुरी चादरीचा कोपरा, पोराची शाळेची चड्डी, नवऱ्याचं धोतर. दोन वाड्या-वस्त्यांवर फिरलो, तेव्हा शंभर भरले. काही घरांनी विचारलं, "कुणाचं पोर?" आम्ही तिच्या आईचं नाव सांगितलं. त्यातल्या दोन घरांनी तुकडा दिला नाही, तेही सांगून ठेवतो. एक घर महिन्यानं स्वतःच देऊन गेलं.

पौषात जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आला. त्यावर मुलीचं नाव, आईबापाचं नाव. आजींनी तो कागद दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "आजपासून पाचवा दिवस मोजा. सरकारनं लिवलं, आता सटवाईलाबी लिवू द्या." पाचव्या दिवशी त्यांनी पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, कोरा कागद आणि लेखणी ठेवली. वर्षाची होत आलेली पोरगी रांगत गेली आणि तिनं लेखणीच उचलून तोंडात घातली. आजी म्हणाल्या, "घ्या. हिचं ही स्वतःच लिवणार."

तुमच्या गावात अशी दत्तकाची, टाकलेल्या आणि उचललेल्या लेकरांची जुनी गोष्ट कुणा आजीला ठाऊक असेल, तर बसून ऐका आणि आम्हाला कळवा. आणि १०९८ हा आकडा गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.